पिंप, कोळसा आणि चार भोकं

आमच्या शेतावरच्या स्मोकरला, म्हणजे धुरात मांस शिजवायच्या पिंपाला, तळाशी चार भोकं आहेत, प्रत्येक पाऊण इंचाचं. तिघांना लोखंडी टोपणं आहेत आणि चौथ्याला नळाचा पितळी बॉल व्हॉल्व्ह. आत कोळसा धगधगत असताना त्या व्हॉल्व्हची दांडी बोटभर फिरवली, की काही मिनिटांत तापमापकाचा काटा खाली यायला लागतो. कोळसा काढलेला नसतो, पाणी मारलेलं नसतं, फक्त आत जाणारी हवा कमी केलेली असते. मंद आचेवर पाच-सहा तास मांस शिजवण्याची सगळी किमया या दांडीत आहे.

ही पद्धत मूळची अमेरिकेची. टेक्सासमध्ये तेलविहिरींमुळे जाड लोखंडी पाइप आणि ते जोडणारे वेल्डर या दोन्हींची ददात नव्हती. तिथल्या लोकांनी उरलेले पाइप आणि जुन्या गॅसटाक्या आडव्या ठेवून बाजूला जाळ करायची पेटी जोडली आणि त्यात बैलाच्या छातीचं चिवट मांस ओकच्या धुरात शिजवायला घेतलं. लॉकहार्ट नावाच्या छोट्या गावाला तर टेक्सासच्या विधिमंडळाने १९९९ मध्ये राज्याची बार्बेक्यू राजधानी म्हणून घोषित केलं. पाव इंच जाडीच्या पत्र्याचा तो अवजड स्मोकर आपल्या आवाक्यातला नाही. पण त्याचा गरीब भाऊ, म्हणजे २०० लिटरच्या उभ्या पिंपाचा स्मोकर, कुठल्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात एका दिवसात तयार होतो.

पिंप मात्र निरखून घ्यावं. मी आंब्याच्या पल्पचं घेतलं. पल्प आत पिशवीत असतो, त्यामुळे पत्र्याला रसायन लागलेलं नसतं, आणि वरचं झाकण अख्खं निघतं. रंग, थिनर किंवा कीटकनाशकाचं पिंप फुकट मिळालं तरी घेऊ नये. त्यातली वाफ ग्राइंडरच्या ठिणगीने पेट घेते, आणि पत्र्यात मुरलेलं विष धुऊन जात नाही. आतून लाखेसारखा थर असेल तर तळाला भोकं पाडून, आत लाकडं भरून, पत्रा लालसर होईपर्यंत जाळ करायचा आणि मग तारेच्या ब्रशने खरवडून काढायचं. जाळी, पट्ट्या, नट-बोल्ट यांत जीआयचं, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या (गॅल्व्हनाइज्ड) लोखंडाचं, काहीही नको. त्यावरचं जस्त ४२० अंश सेल्सियसला वितळतं आणि ९०७ अंशांना उकळतं. निखाऱ्यांशेजारी वितळण्याएवढं तापमान सहज गाठलं जातं, आणि धगधगत्या निखाऱ्यांना टेकलेलं जस्त वाफही सोडू शकतं. जस्ताची वाफ छातीत गेली की थंडी वाजून ताप भरतो, हे गॅल्व्हनाइज्ड पाइप जोडणारा कोणताही वेल्डर सांगेल. साधं एमएस (माइल्ड स्टील) किंवा स्टेनलेस स्टील वापरावं. शेवटी बिडाचा तवा तयार करतो तसा आतून तेलाचा हात फिरवून दोन तास तापवायचं. तेलाचे रेणू एकमेकांत गुंफून काळा, टणक थर बनतो आणि पत्र्याला गंज चढत नाही.

कोळशाची टोपली तळापासून चार बोटं वर, मांसाची जाळी त्याच्याही दोन फूट वर. दोन्हींच्या मधे मी स्टीलची परात ठेवतो, पाणी घालून. चरबी निखाऱ्यावर टपकली की तिच्या धुरात बेंझोपायरीनसारखी घातक संयुगं तयार होतात. परात ती चरबी झेलते आणि खालून येणारी थेट धगही अडवते. झाकणाला धूर निघायला अर्ध्या इंचाची आठ भोकं.

आता हवेकडे. ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांना हे सांगायला नको. बंबाच्या मधल्या नळीतून गरम हवा वर निघते आणि खालच्या दारातून थंड हवा आपोआप ओढली जाते. पिंपात तेच घडतं. ३० अंशांच्या एक घनमीटर हवेचं वजन सुमारे १.१६ किलो, तर १२० अंशांच्या हवेचं सुमारे ०.९ किलो. निखाऱ्यांपासून झाकणापर्यंतच्या जेमतेम पाऊण मीटर उंचीत या फरकातून तयार होणारा दाब २ पास्कलच्या आसपास, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा पन्नास हजारावा भाग. एवढ्याशा ओढीवर सगळं चालतं. एक किलो कोळसा पूर्ण जळायला सुमारे ११ किलो हवा लागते. माझं पिंप तासाला पाव किलोच्या आसपास कोळसा खातं, म्हणजे दर तासाला दोन-अडीच घनमीटर हवा त्या भोकांतून आत जायला हवी. भोकं अर्धी झाकली की कोळशाला हवी तेवढी हवा मिळत नाही आणि आग आपोआप मंदावते.

पहिल्या वेळी मला हे नीट उमगलं नव्हतं. मांस कसं होतंय हे बघायला दर वीस मिनिटांनी झाकण उघडत होतो. उघडलं की काटा पडायचा, बंद केलं की आधीच्यापेक्षा वर चढायचा, कारण तेवढ्या वेळात निखाऱ्यांनी पोटभर हवा घेतलेली असायची. दुपारपर्यंत आत १८० अंश झाले आणि बकऱ्याचा खांदा बाहेरून कोळसा, आतून चामडं झाला. हवं होतं ११० ते १२५.

धुराचंही असंच. हवा कमी पडलेल्या लाकडातून दाट पांढरा धूर येतो, त्यात डांबराचे मोठे थेंब असतात आणि ते मांसावर बसून कडूपणा आणतात. नीट जळणाऱ्या लाकडाचा धूर विरळ आणि निळसर दिसतो. त्याचे कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा लहान असतात, म्हणून ते निळा प्रकाश जास्त विखुरतात, आकाशासारखा. धुराचा मुख्य गंध लाकडाला कडकपणा देणाऱ्या लिग्निन या घटकाचा. ते तापून फुटलं की ग्वायकॉल आणि सिरिंगॉल ही वासाची संयुगं तयार होतात. टेक्सासमध्ये मेस्किटचं लाकूड वापरतात; आपल्या माळरानांवर पसरलेली वेडी बाभूळ ही त्याच मेस्किटची जवळची बहीण. मी आंबा आणि पेरूच्या वाळक्या फांद्यांचे मूठभर तुकडे टाकतो. प्लायवूड, रंगवलेलं लाकूड किंवा चिकाचं पाइन कधीच नाही.

मग येतो सगळ्यात परीक्षा पाहणारा टप्पा. मांसाच्या आतलं तापमान ६५-७० अंशांपर्यंत बरं चढतं आणि तिथेच अडतं. तासभर, कधी दोन तास काटा हलत नाही, आणि माणूस घाबरून भोकं उघडतो. हा माठाचा न्याय आहे. मांसाच्या पृष्ठभागावरून पाणी उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. एक ग्रॅम पाणी उडताना जेवढी उष्णता नेतं, तेवढ्यात ६५ ग्रॅम मांस दहा अंशांनी तापलं असतं. ग्रेग ब्लाँडर या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने स्मोकरमध्ये ओला स्पंज ठेवून दाखवलं, की तोही मांसासारखाच मधे अडकतो. स्पंजात ना चरबी ना कोलॅजेन (मांसाला चिवट करणारं प्रथिन), म्हणजे कारण बाष्पीभवनच. उपायही त्यातच आहे: मांस घट्ट गुंडाळायचं. टेक्सासमध्ये त्याला जाड कागद किंवा फॉइल वापरतात, मी आत केळीचं पान आणि बाहेर फॉइल. वाफ अडली की काटा पुन्हा चढू लागतो.

आणि चढायलाच हवा. चिवट मांसातलं कोलॅजेन ७० अंशांपुढे हळूहळू विरघळून जिलेटिन होतं, पण त्याला तास लागतात. ९३ अंशांना बकऱ्याच्या खांद्यात सुई घातली तर मऊ लोण्यात गेल्यासारखी जाते आणि हाड हाताने ओढलं की कोरडं, स्वच्छ बाहेर येतं. कापल्यावर कडेला गुलाबी पट्टा दिसतो. तो कच्चेपणाचा नव्हे. धुरातला नायट्रिक ऑक्साइड मांसातल्या मायोग्लोबिन या लाल रंगद्रव्याला चिकटून तो रंग पक्का करतो.

हे सगळं उघड्यावरच करायचं, शेडमध्ये किंवा गॅलरीत नाही. मंद जळणारा कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो, आणि त्याला वास नसतो.

मांस उतरवलं की मी चारही भोकं बंद करतो आणि झाकणावरच्या आठ भोकांवर पत्र्याची चकती ठेवतो. आत उरलेला ऑक्सिजन काही मिनिटांत संपतो. सकाळी टोपली बाहेर काढली की राखेखाली काळा, कोरडा कोळसा निघतो, बहुतेक वेळा दीडेक किलो. तो चाळून पोत्यात भरतो, पुढच्या रविवारसाठी.