बिल्बाओची फेरी : संग्रहालयाआधीची गोष्ट

स्पेनच्या बास्क प्रदेशातल्या बिल्बाओत वाटाड्याबरोबर दिवसभराची वास्तुकला-आधुनिक कला फेरी केली, तर ठरलेले थांबे येतात: मेट्रोचं एखादं स्टेशन, काचेचा पूल, गुगेनहाइम हे आधुनिक कलेचं संग्रहालय आणि दिवेलागणीला जुन्या भागातल्या सात गल्ल्या. सोबतची गोष्टही बहुधा ठरलेली असते. शहराची रया गेली होती, संग्रहालय आलं आणि शहराचं नशीब पालटलं.

सन १३०० मध्ये वसलेलं हे बंदर लोखंडावर आणि जहाजांवर मोठं झालं, एवढं जुन्या काळाबद्दल पुरे. आजच्या फेरीचा उगम ऑगस्ट १९८३ च्या पुरात आहे. ऐन जत्रेच्या आठवड्यात नेर्व्हियॉन नदीचं पाणी जुन्या शहरात शिरलं. कारखाने तेव्हा बंद पडतच होते. ऑयस्काल्दूना ही जहाजबांधणीची गोदी वाचवायला कामगार रस्त्यावर उतरले, पोलिसांशी चकमकी झाल्या, तरी १९८८ मध्ये तिला टाळं लागलं. त्याच जागेवर आज गंजक्या रंगाच्या पोलादी पत्र्यांचं सभागृह उभं आहे, अर्धवट बांधून सोडलेल्या जहाजासारखं.

संग्रहालयाने शहर पालटलं या गोष्टीला ‘बिल्बाओ इफेक्ट’ म्हणतात, आणि खरा घोळ आहे तो या शब्दाचा. अर्थतज्ज्ञ तो वापरतात तेव्हा त्यांना पर्यटनातून झालेली खर्चाची वसुली म्हणायची असते. महापौरांच्या तोंडी त्याचा अर्थ होतो, नावाजलेला वास्तुविशारद आणा, बाकी आपोआप होईल. टीकाकारांच्या लेखी तर ती जवळजवळ शिवी आहे: इमारत एवढी दिमाखदार की आतली चित्रं कुणाच्या लक्षातही राहू नयेत. शिवाय इमारतीचे सुमारे १० कोटी डॉलर वेगळे आणि न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संस्थेला मोजलेले २ कोटी वेगळे. बेकारीने पोळलेल्या शहरात यावर आरडाओरडा होणारच होता. एका ज्येष्ठ बास्क शिल्पकाराने तर उघड विरोध केला.

तिन्ही अर्थांत एक गोष्ट मात्र निसटते, ती म्हणजे क्रम. नदीशुद्धीकरणाची योजना १९७९ ची. मेट्रो नोव्हेंबर १९९५ मध्ये धावू लागली. तिच्या काचेच्या कमानदार तोंडांना लोक ‘फोस्टेरितो’ म्हणतात, आरेखन करणाऱ्याच्या आडनावावरून. गुगेनहाइम उघडलं ऑक्टोबर १९९७ मध्ये. नदीला सांडपाण्याचा वास येत असता, तर काठावरचं टायटॅनियमच्या पत्र्यांनी मढवलेलं संग्रहालय बघायला कोण थांबलं असतं? पण गटाराचं पोस्टकार्ड निघत नाही, म्हणून श्रेय संग्रहालयाच्या पदरात.

टायटॅनियमचे ते पत्रे जेमतेम ०.३८ मिलिमीटर जाडीचे आहेत. दारातला फुलझाडांनी मढवलेला प्रचंड कुत्र्याचा पुतळा वर्षातून दोनदा कात टाकतो: जुनी झाडं काढून सगळी नव्याने लावतात.

फेरीतला तो काचेचा पूल, म्हणजे पांढरा सुबिसुरी, हाही १९९७ चाच. त्याची काचेची फरशी पावसात निसरडी होते, आणि बिल्बाओत पावसाला तोटा नाही. नंतर शेजारच्या जुळ्या मनोऱ्यांकडे जाणारा रस्ता जोडायला त्याचा कठडा कापला. पुलाच्या कर्त्याने पालिकेला कोर्टात खेचलं. २००९ मध्ये त्याला ३०,००० युरो मिळाले. जोडरस्ता होता तिथेच राहिला. काचेवर आता न घसरणारी काळी चटई अंथरलेली असते.