कर्मचारी आरोग्य प्रोत्साहन योजना

कर्मचाऱ्यांनी चांगल्या सवयी लावून घ्याव्यात म्हणून कंपनीने बक्षीस देऊ केलेली योजना. नोकरदारांच्या बोलण्यात ‘वेलनेस प्रोग्राम’. रोज ठरावीक पावले चालणे, तंबाखू सोडणे, वजन उतरवणे, वार्षिक तपासणी करून घेणे अशा गोष्टींसाठी रोख रक्कम, गिफ्ट कार्ड किंवा विम्याच्या हप्त्यात सूट मिळते. काही योजनांत नुसता सहभाग पुरतो, तर काहींत रक्तदाब किंवा वजन ठरलेल्या मर्यादेत आणून दाखवावे लागते.

या योजना सर्वाधिक फोफावल्या त्या अमेरिकेत. तिथे बहुतेक नोकरदारांचा आरोग्यविमा कंपनीमार्फत असतो. माणूस आजारी पडला की त्याची झळ कंपनीच्या तिजोरीलाही बसते. जॉन्सन अँड जॉन्सनची ‘लिव्ह फॉर लाइफ’ (१९७९) ही सुरुवातीची नावाजलेली योजना. पुढे २०१० च्या आरोग्यविमा कायद्याने बक्षिसाची कमाल मर्यादा विम्याच्या खर्चाच्या २० वरून ३० टक्क्यांवर नेली आणि तंबाखूमुक्तीसाठी ५० टक्क्यांपर्यंत मुभा दिली. ही वाढ २०१४ पासून लागू झाली.

बक्षीस किती, यापेक्षा ते कसे दिले जाते याला महत्त्व आहे. पेनसिल्व्हानिया विद्यापीठातील कर्मचाऱ्यांवरील एका प्रयोगात (२०१६) रोज ७,००० पावलांचे लक्ष्य होते. एका गटाला लक्ष्य गाठल्याच्या दिवशी १.४० डॉलर मिळत. दुसऱ्या गटाच्या नावे महिन्याच्या आरंभीच ४२ डॉलर मांडले जात आणि चुकलेल्या दिवसाचे १.४० डॉलर त्यातून वजा होत. हिशेब तोच, पण पहिल्या गटाने सुमारे ३५ टक्के दिवशी लक्ष्य गाठले, दुसऱ्याने ४५ टक्के. बक्षिसाविनाच्या गटाचा आकडा ३० टक्के होता. हातचे जाणे माणसाला अधिक बोचते. मात्र स्वतःच्या खिशातले पैसे अनामत ठेवायला सांगितले की लोक मागे सरतात. सीव्हीएस या अमेरिकी औषध दुकानांच्या साखळीतील धूम्रपानमुक्ती प्रयोगात (२०१५) साधे बक्षीस ९० टक्के लोकांनी स्वीकारले, १५० डॉलर अनामतीची अट जेमतेम १४ टक्क्यांनी.

बक्षीस थांबले की परिणामही ओसरतो. जनरल इलेक्ट्रिकमधील ८७८ कर्मचाऱ्यांच्या प्रयोगात (२००९) ७५० डॉलरपर्यंतच्या बक्षिसामुळे वर्षभराच्या आसपास १४.७ टक्के लोक धूम्रपानापासून दूर होते, बक्षिसाविना ५ टक्के. त्यानंतर सहा महिन्यांनी हे आकडे ९.४ आणि ३.६ वर आले. तरीही फरक उरला, हे नोंदवण्याजोगे.

खर्च वाचतो का, हा खरा वादाचा मुद्दा. २०१० मधील एका गाजलेल्या आढाव्यात दर डॉलरमागे वैद्यकीय खर्चात ३.२७ डॉलर वाचतात असे म्हटले होते आणि अनेक कंपन्यांनी ते वाक्य उचलून धरले. पण अशा योजनेत हौसेने नाव घालणारा बहुधा आधीच धडधाकट असतो. त्याचा कमी खर्च योजनेच्या खात्यात जमा होतो. कोण योजनेत आणि कोण बाहेर हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले, तेव्हा चित्र पालटले. इलिनॉय विद्यापीठातील सुमारे ५,००० कर्मचाऱ्यांच्या अभ्यासात पहिल्या वर्षी खर्चात लक्षणीय फरक आढळला नाही. बीजेज होलसेल क्लब या अमेरिकी दुकानसाखळीच्या १६० शाखांतील अभ्यासात (२०१९) व्यायाम करत असल्याचे सांगणारे वाढले. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वजन यांत दीड वर्षानंतरही ठळक फरक नव्हता.

आक्षेप न्याय आणि खासगीपणाचेही आहेत. रात्रपाळी करणाऱ्याला किंवा दोन नोकऱ्या सांभाळणाऱ्याला चालायला वेळ कुठून मिळणार? सूट न मिळणे म्हणजे एका अर्थी दंडच. वैद्यकीय कारणाने लक्ष्य गाठू न शकणाऱ्याला पर्याय देण्याचे बंधन अमेरिकी कायद्यात आहे. वैद्यकीय माहिती ‘स्वेच्छेने’ दिली असे कधी म्हणायचे, यावर मात्र घोळ आहे. नोकरीतील भेदभावावर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या समान रोजगार संधी आयोगाने २०१६ मध्ये विम्याच्या खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंतचे आमिष स्वेच्छेत बसवले. २०१७ मध्ये न्यायालयाने त्यामागचे कारण अपुरे ठरवले आणि ती तरतूद १ जानेवारी २०१९ पासून रद्द झाली. जानेवारी २०२१ मध्ये आयोगाने दुसऱ्या टोकाचा मसुदा आणला: अशी माहिती मागणाऱ्या बहुतेक योजनांत पाण्याची बाटली किंवा किरकोळ गिफ्ट कार्ड, एवढेच द्यावे. सत्ताबदलानंतर काही आठवड्यांतच तो मागे घेतला गेला.