दार बंद, खिडकी उघडी: एचआयव्ही समुपदेशिकेची खोली

समोरासमोर बसून बोलल्याने एचआयव्ही पसरत नाही. क्षयरोग मात्र पसरू शकतो. एचआयव्हीबाधितांना क्षयरोगाचा धोका जास्त असतो, आणि क्षयरोग निघालेल्या प्रत्येकाला एचआयव्ही तपासणीसाठी समुपदेशिकेच्या याच खोलीत पाठवतात. खोकल्यातून उडालेले सूक्ष्म कण कोंदट हवेत तासन्‌तास तरंगतात. समुपदेशिका मात्र दिवसभर तिथेच बसलेली असते.

ग्रामीण रुग्णालयातली आयसीटीसी, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र, बहुधा मिळेल त्या खोलीत असते. बाहेर केसपेपरची रांग असली की बोलणं ऐकू जाऊ नये म्हणून दाराबरोबर खिडकीही लावून घेतली जाते, आणि तिथेच चूक होते. खिडकी उघडीच हवी. हलवायची ती रांग. ताजी हवा समुपदेशिकेच्या पाठीकडून येऊन रुग्णाच्या बाजूने बाहेर जावी, अशा खुर्च्या मांडाव्यात. पंखा रुग्णाच्या मागे नको. खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम येणं हे चार प्रश्न आधी विचारावेत. खोकणाऱ्याला साधा मास्क द्यावा आणि समुपदेशिकेने एन-९५ लावावा.

समुपदेशिकेसाठी बंद दाराची आणखी एक अडचण असते. समोर अनोळखी पुरुष, विषय लैंगिक संबंधांचा, आणि खोलीत तिसरं कुणी नाही. अशा वेळी दारात डोळ्यांच्या उंचीवर काचेची पट्टी असावी: बाहेरून दिसेल, ऐकू येणार नाही. तिची खुर्ची दाराजवळ हवी, म्हणजे बाहेर पडायला कुणाला ओलांडावं लागणार नाही. हवा आणि दार या दोन्ही गोष्टी एका मांडणीत बसत नसतील, तर खोलीच बदलून मागावी.

निरोधचं प्रात्यक्षिक हा या कामातला सर्वांत नाजूक भाग. लाकडी किंवा प्लॅस्टिकचं लिंगाचं मॉडेल टेबलावर मांडून ठेवू नये. गरजेपुरतं ड्रॉवरमधून काढावं. मुदतीची तारीख पाहायची, पाकीट दाताने न फाडता कडेने उघडायचं, टोक चिमटीत धरून हवा काढायची, मुळापर्यंत उलगडायचं. संबंधानंतर ताठरता असतानाच मुळाशी धरून बाहेर काढायचं. मग हेच समोरच्याला करून दाखवायला सांगायचं. यात ‘लिंग’, ‘योनी’, ‘वीर्य’ हेच सरळ शब्द वापरावेत. आडवळणाने बोललं की समोरच्याला चावटपणाला जागा मिळते. तो समुपदेशिकेच्या खाजगी आयुष्याविषयी विचारू लागला, तर सत्र तिथेच थांबवून नोंद करावी. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यानुसार कामाच्या जागी येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही कर्मचाऱ्याला सुरक्षित ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. तक्रारीची मुदत ३ महिने. ‘पेशंटच तो, सोडून द्या’ हे वरिष्ठांचं उत्तर चालणारं नाही.

खरा कस लागतो तो गरोदर बाईचा अहवाल पॉझिटिव्ह आल्यावर. गरोदरपणात तपासणी होते म्हणून घरात बहुतेकदा तिचंच निदान आधी होतं, आणि लगेच ‘हिनेच आणलं’ असं ठरतं. तपासणीची तारीख लागणीची तारीख सांगत नाही. एचआयव्ही आधी कुणाला झाला, हे चाचणीतून कळत नाही. नवऱ्याचा अहवाल निगेटिव्ह आला तरी संभाव्य लागणीनंतर साधारण ३ महिन्यांपर्यंत विषाणू चाचणीतून निसटू शकतो. हे पटवून देताना नवऱ्याचा आणि सासूचा राग पुष्कळदा समुपदेशिकेवरच निघतो: ‘तुम्हीच आमचा संसार मोडला.’

२०१७ चा एचआयव्ही कायदा (अंमल १० सप्टेंबर २०१८ पासून) इथे समुपदेशिकेच्या पाठीशी आहे. संमतीशिवाय कुणाचाही अहवाल सांगायचा नाही, हा मूळ नियम. जोडीदाराला सांगण्याची मुभा फक्त डॉक्टर आणि समुपदेशकाला, तीही जोडीदाराला मोठा धोका असेल, बाधित व्यक्तीला समजावूनही ती सांगणार नाही अशी खात्री झाली असेल आणि तिला तशी पूर्वकल्पना दिली असेल तरच. बाधित बाईला मारहाण होण्याची किंवा तिला घराबाहेर काढण्याची वाजवी भीती असेल, तर सांगायचं नाही. म्हणून अहवाल देण्याआधी एकटीला विचारावं: घरी मारहाण होते का? कुठे जाता येईल? दाराबाहेर सासू ताटकळत असली तरी ही पाच मिनिटं सोडू नयेत.

मग सुरू होतो फोनचा पाठपुरावा. आईचं एआरटी, म्हणजे एचआयव्हीला रोखणारं औषध, रोज चालू, बाळाला प्रतिबंधक औषध किमान ६ आठवडे, सहाव्या आठवड्याला टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या वाळवलेल्या थेंबांची तपासणी, पुढे ६ आणि १२ महिन्यांना तपासणी. अंतिम निदान १८ महिन्यांना, कारण तोवर आईची प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूविरुद्ध तिच्या शरीराने बनवलेली प्रथिनं, बाळाच्या रक्तात असू शकतात. एवढ्या काळात बाई माहेरी जाते, सिमकार्ड बदलतं, फोन नवरा उचलतो. म्हणून पहिल्याच भेटीत ‘कोण म्हणून फोन करू?’ हे ठरवून लिहून घ्यावं, आणि माहेरच्या तालुक्यातल्या केंद्राशी आधीच बोलावं. हे फोन समुपदेशिकेच्या स्वतःच्या नंबरवरून होतात, तेव्हा रात्री-अपरात्री येणारे नको ते कॉलही तिलाच झेलावे लागतात. केंद्राचा वेगळा मोबाइल असला की त्या कॉलपासून ती वाचते. शिवाय तिचं कंत्राट संपलं तरी १८ महिन्यांच्या तपासणीला यायचं असलेल्या आईला तोच नंबर लागतो.