ग्लोव्हज घेण्याआधी आपला खेळ ओळखा

बॉक्सिंगचे सामान घ्यायला आलेल्या प्रत्येकाला आम्ही आधी एकच विचारतो: तुम्ही लांबून खेळता की अंगावर जाऊन? सरावाची टांगती बॅग किती लांब हवी, हे त्यावर ठरते; ग्लोव्हज किती जड हवेत, हे ते कशासाठी वापरणार त्यावर. उत्तर मात्र आवडत्या खेळाडूकडे पाहून देऊ नका, स्वतःच्या अंगकाठीकडे पाहून द्या.

खेळाचे प्रकार

उंच, लांब हातांचा खेळाडू जॅबवर (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) समोरच्याला दूर ठेवतो आणि पाय सतत हलते ठेवतो. मुहम्मद अलीचा खेळ असा होता. बुटका पण दणकट खेळाडू डोके हलवत जॅबच्या खालून आत शिरतो आणि बरगड्यांवर हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) मारतो. बॉक्सर ज्यो फ्रेझियर असा खेळायचा. तिसरा ठोसे मोजके मारतो, पण एकेक घणासारखा. जॉर्ज फोरमन त्यातला. या तिघांच्या लढती जरूर पाहा. १९७१ मध्ये फ्रेझियरने अलीला हरवले. १९७३ मध्ये फोरमनने त्याच फ्रेझियरला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडले. १९७४ मध्ये किन्शासाला अलीने दोरांना टेकून, गार्डवर (तोंडापुढे धरलेल्या हातांवर) मार झेलत फोरमनला दमवले आणि आठव्या फेरीत आडवा केला. आत शिरणारा जड ठोशाच्या वाटेत स्वतःच येतो, आणि जड ठोसे वाया घालवणारा थकतो. आपल्याकडच्या हौशी स्पर्धांत मात्र तीन मिनिटांच्या तीनच फेऱ्या असतात. तिथे दमवण्याच्या डावावर विसंबू नका. गुण स्वच्छ लागलेल्या ठोशाला मिळतात.

खानदेशात बरीच मुले आखाड्यातून बॉक्सिंगकडे येतात. पाय मजबूत असतात, पण कुस्तीचा पवित्रा रुंद, खाली वाकलेला आणि डोके पुढे असा असतो. बॉक्सिंगमध्ये पुढे आलेले डोके अपरकटला (खालून वर मारलेला ठोसा) आयते सापडते. पाय खांद्याएवढे फाकवा, मागची टाच किंचित उचला, हनुवटी छातीकडे घ्या. क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा) मारताना मागचा चवडा आणि कंबर फिरलीच पाहिजे. टाच रोवलेली राहिली तर ठोसा नुसत्या हाताचा होतो. जॅब ज्या रेषेत गेला त्याच रेषेत परत गालापाशी आणा. खाली लोंबत परत येणारा हात म्हणजे समोरच्याच्या क्रॉसला उघडलेले दार.

पट्टी

नवशिक्यांचा हात मोडतो तो बहुधा करंगळीच्या बाजूने. झोकात मारलेला हुक करंगळीच्या मुळावर आदळतो आणि तिथले हाड कमकुवत असते. ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यांवरच बसला पाहिजे, मनगट सरळ ठेवून. मोठ्या माणसाला ग्लोव्हजच्या आत हाताला गुंडाळायला साडेचार मीटरची कापडी पट्टी घ्या. लहान पट्टीत मनगट आणि उंचवटे दोन्ही नीट झाकले जात नाहीत. फास अंगठ्यात अडकवा, पट्टी हाताच्या पाठीवरून न्या, मनगटाला तीन वेढे, उंचवट्यांवर तीन, मग बोटांच्या फटींतून एकेक, अंगठ्याला एक आणि उरलेली पुन्हा मनगटाला. गुंडाळताना बोटे पूर्ण फाकवा. मिटलेल्या हातावर बांधली तर मूठ वळताच ती ढिली पडते. बोटांची टोके बधिर झाली तर सोडून पुन्हा बांधा.

ग्लोव्हज आणि बॅग

हौशी स्पर्धेत वजनगटानुसार १० किंवा १२ औंसाचे (साधारण २८० ते ३४० ग्रॅम) ग्लोव्हज लागतात. बॅगेवर १२ औंस चालतात, पण जोडीदारासोबत सरावाला मोठ्यांनी १४ किंवा १६ औंसच वापरावेत, समोरच्याच्या डोक्यासाठी. एकच जोडी परवडणार असेल तर १६ घ्या.

बॅग आपल्या वजनाच्या निम्मी असावी. लांबून खेळणाऱ्याला चार फुटी पुरते. बरगड्यांवर मारणाऱ्याला पाच-सहा फुटी हवी. वाळू भरू नका. ती तळाशी बसून दगड होते आणि मनगट जाते. आपल्याकडे कापूस हाताशी असतो म्हणून तोच कोंबतात, पण तोही दबून वरचा भाग पोकळ होतो. शिंप्याकडच्या चिंध्या थराथराने, काठीने ठासून भरा. जुने कपडे असतील तर चेन आणि बटणे काढा. महिन्याभरात भराव खाली बसतो, तेव्हा वरून भर घाला. पत्र्याच्या शेडच्या अँगलला बॅग टांगू नका, झोक्याने नटबोल्ट सैल होतात.

जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ असतो. ग्लोव्हज गाडीच्या डिकीत ठेवले तर आतला फोम कडक होतो, आणि घाम न वाळवता बंद ठेवले तर अस्तर कुजते. उन्हात वाळवल्यास चामडे तडकते. तोंड उघडे ठेवून, आत वर्तमानपत्राचा बोळा घालून पंख्याखाली ठेवा.

ग्लोव्हज बघायला येताना तुमची पट्टी सोबत आणा आणि ती बांधूनच घालून पाहा. मोकळ्या हाताला बरोबर बसलेला ग्लोव्ह पट्टीवर घट्ट होतो.