फोटो एडिटिंगच्या दोन घराण्यांची पार्श्वभूमी

जोतिबाच्या चैत्र यात्रेत काढलेले फोटो एडिटिंगला फार अवघड जातात. सासनकाठ्यांवर उधळलेला गुलाल उन्हात इतका भडकतो की लाल चॅनल (फोटोतल्या लाल रंगाची नोंद) 255 या कमाल आकड्याला टेकतो. मग गुलालाचे कण आणि त्यातल्या सावल्या पुसल्या जातात, उरतो फक्त सपाट गुलाबी डाग. जेपीईजी तयार करताना कॅमेरा व्हाइट बॅलन्स (प्रकाशानुसार रंगांचा तोल) आणि पिक्चर स्टाइल (रंग-कॉन्ट्रास्टची ठरलेली धाटणी) लावून लाल रंग आणखी वर ढकलतो. त्यात दर रंगाला पायऱ्या 256 च. 12 बिट रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरच्या कच्च्या नोंदीच्या फाइलमध्ये, त्या 4096 असतात, 14 बिटमध्ये 16384, आणि तो लाल चॅनल बहुतेक वेळा शाबूत सापडतो. कोल्हापुरातल्या हौशी फोटोग्राफरने सॉफ्टवेअर निवडण्याआधी हा फरक समजून घ्यावा, कारण सॉफ्टवेअरची दोन घराणी त्यावरूनच पडली.

पहिलं घराणं पिक्सेलवर थेट हात चालवणारं. थॉमस नोल यांनी 1987 मध्ये मिशिगन विद्यापीठात शिकत असताना सुरू केलेलं काम भाऊ जॉन यांच्या साथीनं वाढत गेलं आणि फेब्रुवारी 1990 मध्ये अडोबी कंपनीनं ते फोटोशॉप म्हणून बाजारात आणलं. तेव्हा फोटो स्कॅनरमधून यायचे. निगेटिव्हवर पेन्सिल आणि प्रिंटवर ब्रश चालवून रिटचिंग करणाऱ्या स्टुडिओंना ही पद्धत परकी वाटण्याचं कारणच नव्हतं. डॉज (भाग उजळ करणं) आणि बर्न (भाग गडद करणं) ही टूलं तर डार्करूममधूनच आली. चित्रकार आणि सिनेमावाले बाबूराव पेंटर यांच्या गावात, कोल्हापुरात, ब्रश आणि कॅमेरा कधी वेगळे नव्हतेच. लेअर, म्हणजे एकावर एक ठेवता येणारे थर, मात्र फोटोशॉपच्या 1994 च्या तिसऱ्या आवृत्तीत आले. 1995 मध्ये बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेला मोफत गिंपही याच घराण्यातला.

दुसरं घराणं रॉचं. कंपन्यांनी आपापले रॉ फॉरमॅट गुप्त ठेवले. डेव्ह कॉफिन यांनी 1997 मध्ये डीसीरॉ हा छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला आणि ते कुलूप उघडलं. पुढच्या कितीतरी सॉफ्टवेअरनी त्याचाच आधार घेतला. या माणसाचं ऋण फोटोग्राफरांच्या फारसं ध्यानातही नसतं. 2005 मध्ये ॲपलचं ॲपर्चर आलं, 2007 मध्ये अडोबीचं लाइटरूम, 2009 मध्ये मोफत डार्कटेबलचं काम सुरू झालं. इथे मूळ फाइलला धक्का लागत नाही. केलेले बदल सूचनांच्या रूपात कॅटलॉगमध्ये (सॉफ्टवेअरच्या नोंदवहीत) किंवा फोटोशेजारच्या एक्सएमपी नावाच्या छोट्या फाइलमध्ये राहतात.

घोळ होतो तो इथेच. फोल्डर विंडोजमधून परस्पर हलवला की लाइटरूमला फोटो सापडत नाहीत आणि प्रश्नचिन्ह दिसतं. फोल्डरवर राइट क्लिक करून ‘फाइंड मिसिंग फोल्डर’नं नवी जागा दाखवली की काम भागतं. त्याहून घातक गैरसमज बॅकअपचा: कॅटलॉगच्या बॅकअपमध्ये फोटो नसतात, फक्त सूचना असतात. फोटो वेगळ्या डिस्कवर स्वतः कॉपी करावे लागतात.

2013 मध्ये अडोबीनं फोटोशॉपची नवी आवृत्ती भाड्यानेच देण्याचं धोरण घेतलं. एकदाच पैसे भरून मिळणारं शेवटचं लाइटरूम 6, तेही 2017 नंतर पुढे गेलं नाही. त्यात नव्या कॅमेऱ्याची रॉ उघडत नाही; अडोबीच्या मोफत डीएनजी कन्व्हर्टरमधून फाइल डीएनजी या अडोबीच्या खुल्या रॉ फॉरमॅटमध्ये बदलून घ्यावी लागते. वर्गणी थांबली की लाइटरूम क्लासिकचं (वर्गणीवरच्या संगणकातल्या लाइटरूमचं) डेव्हलप मॉड्यूल, म्हणजे एडिटिंगचा भाग, बंद होतं, फोटो पाहता आणि एक्स्पोर्ट करता येतात. पण ते बदल डार्कटेबलमध्ये जसेच्या तसे उतरत नाहीत. म्हणून वर्गणी सोडण्याआधी निवडक फोटो 16 बिट टिफ या फॉरमॅटमध्ये काढून ठेवावेत. ॲपर्चर बंद पडलं, 2016 मध्ये गूगलनं पिकासाही थांबवलं. तेव्हा ही तयारी प्रत्येकानं ठेवावी.

फोनवर किंवा जेपीईजीतच काढणाऱ्याला स्नॅपसीड आणि गिंप पुरतात. रॉ काढणाऱ्यानं आधी डार्कटेबल महिनाभर वापरावं, मग वर्गणीचा विचार करावा. डार्कटेबलमध्ये रॉ सुरुवातीला फिकी दिसते, कारण कॅमेऱ्याची पिक्चर स्टाइल तिला लागलेली नसते. एक्स्पोजर (उजेड) आणि सिग्मॉइड (कॉन्ट्रास्ट) ही दोन मॉड्यूलं आधी शिकली की चित्र उभं राहतं. डार्कटेबल आणि लाइटरूमची तुलना करताना दोन्हीकडे त्याच फाइल घ्याव्यात: एक गुलालाची, एक रंकाळ्यावरच्या मावळतीची, एक रात्रीच्या दिव्यांची. लॅबला प्रिंटसाठी पाठवताना एसआरजीबी (रंगांची सर्वसाधारण मोजपट्टी) जेपीईजीच द्यावी. अडोबी आरजीबी या अधिक रुंद मोजपट्टीतली फाइल बऱ्याच मशीनवर एसआरजीबी समजून छापली जाते आणि रंग मरगळतात.