चूक मावशीची नव्हती

डोंबिवलीच्या मावशीच्या हातात मी माझं ताजं काम दिलं आणि शेजारी गप्प बसले. एका क्लासच्या नोंदणीचं ॲप होतं. "यातली नोंदणी रद्द करून दाखव," एवढंच सांगितलं. तिने बरोबर जागा शोधली. समोर चौकट उघडली: 'नोंदणी रद्द करायची आहे का?' खाली दोन बटणं, 'रद्द करा' आणि 'ठीक आहे'.

मावशी अडली. दोन्ही बटणांचा अर्थ 'हो' असाच होत होता. इंग्रजीतल्या 'कॅन्सल' आणि 'ओके'चं मी डोळे झाकून मराठी केलं होतं, त्याचा हा प्रताप. रद्द करायचं म्हणून तिने साहजिकच 'रद्द करा' दाबलं. चौकट गेली, नोंदणी मात्र जागच्या जागी. "मला मेलीला या मोबाइलातलं काही कळत नाही," म्हणत तिने फोन परत दिला.

दुसऱ्या महायुद्धात याच गोष्टीला 'वैमानिकाची चूक' म्हणत. अमेरिकेची बी-१७ बॉम्बर विमानं धावपट्टीवर सुखरूप टेकत आणि मग पोटावर आपटत. वैमानिकाला मिटायच्या असत पंखांच्या झडपा, म्हणजे फ्लॅप, आणि तो आत घेई चाकं. अल्फॉन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये जाऊन पाहिलं, तर दोन्हींचे खटके एकसारखे आणि अगदी शेजारी. त्याने चाकांच्या खटक्याला छोटं रबरी चाक लावलं आणि झडपांच्या खटक्याला पाचरीच्या आकाराचा तुकडा. आता न बघताही बोटांना फरक कळू लागला. आजच्या प्रवासी विमानांतही चाकांच्या दांड्याची मूठ चाकाच्याच आकाराची असते.

१९४७ साली पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या संशोधकांनी वैमानिकांच्या अशा ४६० 'चुका' गोळा करून तपासल्या. पुढे १९५४ मध्ये फिट्सने एक प्रयोग केला. माणसांच्या हातात धातूची लेखणी दिली आणि समोरच्या दोन पट्ट्यांवर आलटूनपालटून टोकायला सांगितलं. पट्ट्यांची रुंदी आणि त्यांच्यातलं अंतर तो बदलत गेला. त्यातून निघालेला नियम आज प्रत्येक ॲपच्या मुळाशी आहे. लक्ष्य जितकं दूर आणि जितकं अरुंद, तितका ते गाठायला वेळ जास्त. पण हा हिशेब सरळ रेषेत जात नाही. बटण ४ मिलिमीटरचं ८ केलं की जितका वेळ वाचतो, तितकाच पुन्हा वाचवायचा तर ते थेट १६ मिलिमीटरचं करावं लागतं. म्हणून बारीकशा बटणाला थोडी जागा दिली तरी मोठा फायदा होतो, आधीच ऐसपैस असलेल्या बटणाला आणखी फुगवून फारसं काही हाती लागत नाही. गूगलने अँड्रॉइडसाठी बोट टेकवायची जागा निदान ९ मिलिमीटरच्या आसपास ठेवायला सांगितली आहे.

आता हे सगळं सकाळी ८:४० च्या फास्ट लोकलमध्ये आणा. एका हातात वरचं हँडल, दुसऱ्यात फोन, काम करतो एकटा अंगठा. गाडी रूळ बदलताना हादरते तेव्हा तोही हादरतो. अंगठा सहज पोचतो पडद्याच्या खालच्या आणि मधल्या भागात, वरच्या कोपऱ्यासाठी मात्र फोन तळहातात सरकवावा लागतो, म्हणजे पाडायची तयारी ठेवावी लागते. ऑफिसातल्या २७ इंची मॉनिटरवर हे कळत नाही. माझ्या मते ॲप बनवणाऱ्या प्रत्येकाला महिनाभर गर्दीच्या वेळी ठाणे ते दादर उभ्याने पाठवावं. शिवाय जुलै आहेच. फोनच्या काचेखाली विद्युतभाराचं जाळं असतं. बोट वीजवाहक असल्याने ते टेकताच तिथला भार बदलतो आणि फोनला स्पर्श 'कळतो'. पाणीही भार बदलतंच, त्यामुळे पावसाचे थेंब कधीकधी आपल्या आधी बटण दाबतात. 'पैसे पाठवा' आणि 'मागे जा' ही बटणं एकमेकांना चिकटून बसवणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

मध्य रेल्वेच्या इंडिकेटरवर इंग्रजी 'एस' म्हणजे कर्जत आणि 'एन' म्हणजे कसारा. कल्याणच्या पुढे फाटा फुटतो, एक ईशान्येला, एक आग्नेयेला, त्या दिशांच्या इंग्रजी नावांची ही आद्याक्षरं. नवखा माणूस तो 'एस' पाहून 'स्लो' समजतो, आणि धीम्या गाडीचीही खूण तीच. पुस्तकी नियमाने ही रचना नापास. पण रोजच्या लाखो प्रवाशांच्या अंगवळणी ती पडली आहे, डोळे मान वर व्हायच्या आत ती वाचतात. उद्या कुणी हौसेने बदलली तर मी स्वतः विरोध करीन.

मराठी पडद्यांचं दुखणं आणखी वेगळं. इंग्रजी अक्षरांच्या मापाने बेतलेल्या बटणात देवनागरी कोंबली की वरची मात्रा, रफार, अनुस्वार आणि खालचा उकार कापले जातात. 'पुढे' या बटणाचं 'पढ' झालेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आपल्या लिपीला शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या पायाखाली मोकळी जागा लागतेच. 'ल' आणि 'श'ची मराठी वळणंही हिंदीहून वेगळी आहेत. पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये नोंदवलं तर काही फॉन्ट ती आपोआप देतात, नोंदवायचं कुणी लक्षात ठेवत नाही एवढंच.

लिपीकडे अडचण म्हणून न बघता काय करता येतं, ते पवईत दिसलं. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्रा. अनिरुद्ध जोशी यांच्या गटाने 'स्वरचक्र' हा कळफलक तयार केला. 'क'वर बोट ठेवलं की भोवती का, कि, की, कु यांचं चक्र उमलतं, हव्या त्या दिशेला बोट सरकवायचं. व्यंजनं क-ख-ग-घ अशा वर्गांनी मांडलेली, म्हणजे शाळेत पाठ केलेली बाराखडी आणि मुळाक्षरंच इथे कामाला येतात. नवं काही पाठ करावं लागत नाही.

माझी चौकट मी बदलली. प्रश्न तोच ठेवला, खाली लिहिलं: 'हो, नाव काढा' आणि 'नको, राहू दे'. रविवारी पुन्हा डोंबिवली गाठली. मावशीचे हात कणकेचे होते, तिने करंगळीने पहिलं बटण दाबलं आणि नाव निघालं.

"अगं, आणि चुकून काढलं असेल तर परत कुठे दाबू?"

ते बटण मी केलंच नव्हतं.