जोडी आणि बुळकांडी: इथिओपियाच्या बैलशेतीची पार्श्वभूमी

इथिओपियाच्या पठारावर शेतकरी जमीन 'तिमाद'मध्ये मोजतो. एक बैलजोडी दिवसभरात जेवढं रान नांगरते, ते एक तिमाद, म्हणजे साधारण पाव हेक्टर. जोडीलाही तिमादच म्हणतात. या एका शब्दात तिथल्या शेतीचं सगळं गणित आहे: मोजमापाचं एकक बैल नव्हे, जोडी. एक बैल गेला की अर्धं नाही, सगळंच शेत बसतं.

आफ्रिकेत हे चित्र सरसकट नाही. सहाराच्या दक्षिणेला मोठ्या पट्ट्यात त्सेत्से माशी आहे. ती चावली की जनावराला नगाना होतो. आपल्याकडच्या सर्ऱ्याच्याच कुळातला हा रोग. जनावर ताप, रक्तक्षय आणि खंगण्याने जातं. त्यामुळे तिथे शतकानुशतकं कुदळीवरच शेती झाली आणि नांगर बहुतेक ठिकाणी वसाहतींच्या काळात पोचला. इथिओपियाचं पठार मात्र उंच आणि थंड. माशी तिथवर चढत नाही, म्हणून बैल टिकला आणि त्याच्यासोबत हजारो वर्षांचा नांगरही.

या नांगराला 'मरेशा' म्हणतात. रुमण्याला, म्हणजे मुठीच्या दांड्याला, 'एर्फ'; हळसाला, म्हणजे जुवाला जोडणाऱ्या लांब दांड्याला, 'मोफेर'; जुवाला 'केनबेर'. जू वशिंडाच्या पुढे बसतं, मानेच्या दोन्ही बाजूंना शिवळा, म्हणजे जुवातल्या खुंट्या, खालून वादी. एर्फच्या टोकाला लोखंडी फाळ आणि त्याच्या दोन्ही अंगांना 'देगेर' नावाच्या दोन लाकडी फळ्या. या फळ्या माती बाजूला सारतात, पलटत नाहीत. जुवासकट सगळं मिळून वीसेक किलो; एक माणूस खांद्यावर टाकून रानात नेतो.

माती पलटत नसल्याने नांगराच्या दोन तासांच्या (चरांच्या) मध्ये न नांगरलेली पट्टी राहते. म्हणून नांगरटीची दुसरी पाळी पहिलीला आडवी घालायची. तेफ या तिथल्या मुख्य धान्याला अशा चार-पाच पाळ्या लागतात. पहिली पाळी जेमतेम बोटभर खोल जाते, कारण उन्हाळ्यात जमीन दगडासारखी झालेली असते आणि बैलही काडावर दिवस काढून उतरलेले असतात. नेमकं सर्वांत जड काम सर्वांत अशक्त बैलांच्या वाट्याला येतं. तेफचं बी खसखशीएवढं. भुसभुशीत मातीत खोल गेलं तर वर येत नाही, म्हणून पेरणीआधी शेतातून गुरं फिरवून माती दाबून घेतात.

हेक्टरी चार तिमाद आणि पाच पाळ्या धरल्या, तर एका हेक्टरला जोडीचे वीस दिवस. हा हिशोब डोक्यात ठेवला तरच पुढचं नीट कळतं.

1887 मध्ये तांबड्या समुद्रावरच्या मसावा बंदरात इटालियन फौजेसाठी उतरवलेल्या गुरांबरोबर बुळकांडी (रिंडरपेस्ट) हा गुरांचा साथीचा रोग आला. ही गुरं भारतातून आणली होती, असं बरेच इतिहासकार मानतात. पठारावरच्या गुरांना या विषाणूची सवयच नव्हती. जोराचा ताप, नाकाडोळ्यांतून स्राव, तोंडात फोड, मग न थांबणारी हगवण. आठ-दहा दिवसांत जनावर आडवं. दहातली नऊ गुरं गेली, असा अंदाज दिला जातो. त्यातच 1888 चा दुष्काळ आणि टोळधाड. पुढे पाऊस झाला तेव्हाही नांगराला जोडी नव्हती, आणि तेफच्या पाच पाळ्या कुदळीने निघत नाहीत. 1892 पर्यंत चाललेल्या या काळाला अम्हारिकमध्ये 'किफू केन', म्हणजे वाईट दिवस, म्हणतात. सम्राट मेनेलिकने लोकांना दाखवण्यासाठी स्वतः कुदळ हाती घेतली, अशी नोंद आहे. रोग पुढे दक्षिणेकडे सरकत 1896 मध्ये झांबेझी नदी ओलांडून गेला.

एकच बैल असलेल्यांचा जुना मार्ग 'मेकेनाजो': दोघांनी आपापला बैल आणून जोडी करायची आणि आळीपाळीने दोन्ही रानं नांगरायची. आपली सावडच ही. अडचण एकच, वाफसा (पेरणीजोगी ओल) दोघांच्या रानात एकाच वेळी येतो आणि ज्याचा नंबर मागून येतो त्याची पेरणी लांबते. 1980 च्या दशकात अदिस अबाबाच्या आंतरराष्ट्रीय पशुधन केंद्राने यावर एकाच बैलाचं जू आणि आखूड हळसाचा मरेशा करून पाहिला. तो रुजला नाही, आणि कारण साधं आहे. मरेशाला ओढ लागते साधारण नव्वद किलोची. तिथली जोडी सहाशे किलोच्या आसपास, म्हणजे वजनाच्या पंधरा टक्के ओढ. तेवढी ती तासन्‌तास देऊ शकते. एकट्या बैलाला हीच ओढ तीस टक्के पडते. तो काही तास काढतो आणि थांबतो.

बुळकांडी पठारावरून हटली तरी अफारच्या उष्ण सखल भागात, फिरस्त्या पशुपालकांच्या कळपांत टिकून राहिली. केनियातल्या मुगुगाच्या प्रयोगशाळेत वॉल्टर प्लाउराइट या पशुवैद्याने केलेली लस उत्तम होती, पण ती बर्फात ठेवावी लागे आणि अफारमध्ये बर्फ कुठला. उष्णता सोसणारी लस 1990 च्या सुमारास हाती आली, तेव्हा तिथल्याच गुराख्यांना सुई धरायला शिकवलं गेलं. कुठला कळप कुठल्या पाण्यावर कधी येतो, हे त्यांना ठाऊक होतं; शिवाय एकदा बुळकांडीतून उठलेलं जनावर पुन्हा पडत नाही, हेही पिढ्यांपासून माहीत असल्याने लशीमागचा विचार त्यांना पटवावा लागला नाही. इथिओपियातला शेवटचा उद्रेक 1995 चा.

त्यानंतर लसीकरण मुद्दाम थांबवावं लागलं. लस टोचलेल्या आणि रोगातून उठलेल्या जनावराचं रक्त तपासणीत सारखंच दिसतं, त्यामुळे टोचणी चालू असताना रोग खरोखर संपला की नाही ते कळत नाही. मग तपासनीस गुराख्यांपाशी बसून विचारत: नाकाडोळ्यांतून पाणी, तोंडात फोड आणि हगवण, तिन्ही एकत्र शेवटची कधी पाहिली? त्या उत्तरांवरून कुठल्या कळपातलं रक्त तपासायचं ते ठरे. जगातली शेवटची नोंद 2001 ची, केनियातल्या मेरू राष्ट्रीय उद्यानातल्या रानम्हशींतली. बुळकांडी संपल्याची घोषणा 2011 मध्ये झाली.